फणसाचा भुसा

बाबा,

तुमच्याबद्दल कोणी विचारलं की मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. तुम्ही डोळे मिटून लाकूड ओळखायचात, ती. मुलांना सांगितली, आता नातवंडांना सांगते. कोणी बैलबंडीभर लाकूडफाटा घेऊन आलं की लोक मुद्दाम तुमच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचे आणि एकेक ढलपी हातात द्यायचे. तुम्ही ती नखानं खरवडायचात, नाकाशी न्यायचात. साग. बिजा. धावडा. हळदू. एकदा एका लबाडानं बाभळीची ढलपी सागाच्या भुशात लोळवून तुमच्या हातात ठेवली, तर तुम्ही हसून म्हणालात, "कपडे सागाचे घातले हायेत, मानूस बाभूळ हाय." हे सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो. पण गोष्ट संपली की मी उठून काहीतरी कामाला लागते, कारण तिच्या मागोमाग दुसरी एक आठवण येते. ती मी आजवर कोणापाशी बोललेली नाही. ती तुम्हालाच सांगायला हवी होती. तुम्ही तिच्यात होतात खरे, पण दाराआडून ती कशी दिसली हे तुम्हाला कधी कळलं नाही.

आपल्या घरामागे विहिरीला लागून फणस होता. आसपासच्या कुठल्याही गावात तो नव्हता. आपल्याकडची झाडं साग, मोह, पळस. उन्हाळा आला की पानं टाकून मोकळी होणारी. हा मात्र भर वैशाखात काळाभोर हिरवा उभा असायचा. पांढरकवड्याला जंगल खात्यात रत्नागिरीकडचे एक साहेब होते. त्यांच्या बंगल्याची दारं तुम्ही केलीत तेव्हा त्यांच्या गावाहून आलेला फणस त्यांनी तुम्हाला दिला. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाहिल्यासारखी वाटते. साहेबांनी तुम्हाला बजावलं होतं की हे झाड ओल्या रानातलं, जिथं पाऊस महिनोन्महिने हलत नाही तिथलं. आठळी सुकली की मेली, म्हणून आजच लावा. आणि जिथं झाड हवं तिथंच लावा, कारण याचं मूळ सरळ खाली जातं आणि उपटून दुसरीकडं नेलेलं त्याला सोसत नाही. तुम्ही घरी आलात ते हातपाय न धुता थेट विहिरीकडं. सगळ्या आठळ्या पेरल्यात. त्यातली एकच जगली. तिच्याभोवती तुम्ही कपाशीच्या पऱ्हाट्यांची ताटी बांधलीत, न्हाणीचं पाणी तिकडं वळवलंत, हिवाळ्यात शेंडा करपू नये म्हणून वरून गवत पांघरलंत. माय म्हणायची, "पोराईले येवढं जपलं नाई यायनं."

पहिलं फळ धरलं तेव्हा म्हणे अर्धं गाव बघायला आलं होतं. फांदीला काही न लागता फळ थेट खोडालाच चिकटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मला आठवतात ते नंतरचे उन्हाळे. तुम्ही ओसरीवर पोतं अंथरून फणस फोडायला बसता, कोपरापर्यंत जवसाचं तेल चोपडता, सुरीलाही लावता, आणि तरी चीक बोटांना चिकटतोच. तो चीकही तुम्ही वाया घालवत नाही, काडीवर गुंडाळून ठेवता. एखाद्या लाकडी परातीला चीर गेली की गरम करून त्यात भरता. गरे आम्हाला, आठळ्या मायच्या चुलीतल्या राखेत, गऱ्यांमधली पाती शेळ्यांना. त्या घरात काही फुकट जात नसे आणि त्याचं श्रेय मी कायम तुम्हाला दिलं.

शेळ्या आपल्या नव्हत्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई शेळ्या पाळायची. आम्ही पोरं तिला शेळ्यावाली मावशी म्हणायचो. फणसाची पानं शेळ्यांना फार आवडतात, म्हणून ती मागच्या गल्लीनं यायची, तुम्ही छाटलेल्या डहाळ्या न्यायची, आणि त्याबदल्यात टोपलीभर लेंडीखत आणून झाडाच्या बुंध्याशी पसरून जायची. त्या झाडाला खत कधी घालायचं, बुंध्यापासून किती लांब घालायचं, यावर तुम्हा दोघांचं बोलणं चालायचं. ती कुंपणाच्या पलीकडं, तुम्ही अलीकडं. दर उन्हाळ्यात एक फणस तिचा. तो तुम्ही कुंपणाच्या दगडावर ठेवायचात. तुम्ही मागं सरलात की ती उचलायची. आमच्या लेखी तुम्ही फार उदार होतात, बाबा. त्या दगडाचा विचार मी कितीतरी वर्षांनी केला.

छप्पन साली दसऱ्याला ती आणि तिचा नवरा वस्तीतल्या सगळ्यांबरोबर नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. पांढरं लुगडं नेसून ती गल्लीत आली तेव्हा माय तिला म्हणाली, "कशी वं दिसून राह्यली तू!" ती हसली. त्यानंतर वस्तीनं गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सणावाराला दारोदार भाकर मागणं सोडलं. गावाला ते झोंबलं. हळूहळू ठरत गेलं की दुकानदारानं त्यांना माल देऊ नये, लोहारानं फाळ करू नये, सुतारानं तिफन दुरुस्त करू नये. तुम्ही सुरुवातीला ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. त्यांच्या एकाचं वखर तुम्ही भर दिवसा आपल्या ओसरीवर नीट करून दिलंत, ते मी पाहिलंय. ते मी विसरलेले नाही, हेही इथं लिहून ठेवते.

मग त्यानंतरच्या एका चैत्रात वादळ झालं आणि फणसाची मोठी फांदी मोडली.  दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर आणून आडवी टाकलीत आणि आरा लावला. बाहेरचं लाकूड फिकट होतं, पण गाभ्यापर्यंत पातं गेलं आणि खाली पिवळा भुसा पडायला लागला. हळदीसारखा पिवळा. मी मुठीत घेतला तर हात पिवळे झाले. तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, "वास घे. गोडसर येते का? या लाकडाले वाळवी नाई लागत. आत्ता पिवळं हाय, काई सालानं तांब्यासारखं होईन. कोकनात याची दारं करतात, वीणा करतात." मी तेव्हा शाळा सोडून घरी बसले होते, माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि तुम्ही मला मुलाला शिकवावं तसं लाकूड शिकवत होतात. तुम्ही मला दिलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ती ती सकाळ.

त्याच आठवड्यात मावशी आली. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "सुतारभाऊ, एक मांगू का?" वस्तीनं एक खोली बांधली होती, पत्र्याची, तिलाच ते विहार म्हणत. वैशाखी पुनवेला तिथं एक भन्तेजी येणार होते, सिलोनात राहून शिकलेले. ते एकदा आधी येऊन गेले तेव्हा बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की तिकडं भिक्खूंचं चीवर फणसाच्या गाभ्याच्या लाकडात रंगवतात. ढलप्या आणि भुसा पाण्यात उकळत ठेवायचा, रंग उतरला की कापड त्यात बुडवायचं. ती म्हणाली, "मी मन्लं भन्तेजी, आमच्या गावात हाय नं फनस! त्यायले खरंच नाई वाटलं. सारेजन माह्याकडं पाहून राह्यले." ती हे सांगताना इतकी फुलली होती की माय हातातलं काम सोडून ऐकत उभी राहिली. तुम्हालाही बरं वाटलं, ते तुमच्या चेहऱ्यावर होतं. तुमच्या झाडाच्या रंगात कोणा साधूचं वस्त्र रंगणार होतं. तुम्ही म्हणालात, "अवं लागन तेवढा घेऊन जाय. पुनवेच्या आधी ये, तवरोक मी गाभ्याचा येगळा करून ठेवतो." आणि ठेवलात. पांढरा भुसा बाजूला, पिवळा बाजूला, ओसरीच्या कोपऱ्यात स्वच्छ फरशीवर ढीग.

ती आली त्या दिवशी ओसरीवर माणसं होती. गावातले एक मोठे शेतकरी, ज्यांच्या वाड्यात तुमचं वर्षभराचं काम असायचं, आणि बाभुळगावहून आलेले आपले पाहुणे, ज्यांनी माझ्यासाठी पुसदचं स्थळ आणलं होतं. मी आतून चहा घेऊन दारापर्यंत आले होते. ती मागच्या गल्लीनं न येता समोरून आली. नवी टोपली, नवं पांढरं फडकं. अंगणाच्या कडेला थांबून म्हणाली, "सुतारभाऊ, न्याले आली."

तुम्ही रंधा थांबवला नाहीत. ते शेतकरी पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, आमच्या सुताराकडं कोन कोन येते ते. अन् तुमी याची पोरगी नेऊन राह्यले." पाहुणे हसले नाहीत. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं.

"काय न्याले?" तुम्ही विचारलंत.

"भुसा, भाऊ. फनसाचा."

"फनसाचा नाई हाय. जळाला तो."

तिनं कोपऱ्यात बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. उन्हाची तिरीप नेमकी त्या ढिगावर पडली होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, थो पडला हाय नं तिथं."

तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "थो सागाचा हाय."

 त्या झाडाला तिच्या शेळ्यांचं खत किती वर्षं गेलं होतं. मग तिनं फडकं टोपलीत नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "बरं भाऊ. सागाचा असन मंग." आवाज चढला नाही, पडलाही नाही. ती आली तशीच समोरच्या वाटेनं गेली.

पाहुणे उठून गेल्यावर तुम्ही तो ढीग अंगणात ओढलात आणि पेटवून दिलात. खोटं बोललेलं खरं करायचं होतं बहुतेक. भुसाच तो, नीट पेटेना, नुसता धूर करत राहिला आणि तुम्ही काठीनं ढोसत बसलात. माय दारात उभी राहून पाहत होती. ती तुम्हाला सहसा उलटून बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "मानसाशी खोटं बोलले ते बोलले. लाकडाशीबी बोलले तुमी."  तुम्ही त्या दिवशी जेवायला आला नाहीत.

वस्तीत चीवर रंगवलं गेलं. होळीच्या दिवसांत वेचून वाळवलेली पळसाची फुलं त्यांनी उकळली. पुनवेच्या दिवशी नाल्यापलीकडून आवाज येत होते, माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती, आणि तुम्ही ओसरीवर पाठ करून बसला होतात. मावशी मात्र नंतर कधी मागच्या गल्लीत आली नाही. डहाळ्या पडून वाळल्या. त्या उन्हाळ्यातला तिचा फणस झाडावरच पिकला, फुटला, त्यावर माशा घोंगावल्या. तो काढायचं कोणीच नाव काढलं नाही.

पावसाळ्यात तुम्ही त्या फांदीचा चौरंग करायला घेतलात. कोणासाठी ते सांगितलं नाहीत, पण असं काम तुम्ही वाड्यासाठीही कधी केलं नव्हतं. एक खिळा नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून. कडेनं पिंपळाच्या पानांची वेल कोरलीत. तयार झाला तेव्हा एका संध्याकाळी, दिवेलागणीला, तुम्ही तो गोणपाटात गुंडाळलात आणि मला म्हणालात, "चाल माह्यासंगं." पोरगी बरोबर असली की शेताकडं चाललोय असं वाटेल, म्हणून मला घेतलंत, हे मला वाटेत समजलं. नाला ओलांडून त्यांच्या वस्तीत मी पहिल्यांदाच जात होते.

मावशी अंगणात भांडी घासत होती. तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले. "पानी घेता का भाऊ?" "आत्ताच पिऊन निंगालो," तुम्ही म्हणालात. घरून निघताना तुम्ही पाणी प्यायला नव्हतात. मग गोणपाट सोडलंत. ती खाली बसली, चौरंगावरून हात फिरवला, पानांच्या वेलीवरून एक बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. तिनं विचारलं, "फनसाचाच हाय नं?" तुम्ही मान हलवलीत. "लय चांगला केला," ती म्हणाली. "मूर्ती बसन यावर आमची. पन दिवसा आना भाऊ. दिवसा आनला तं घेऊ."

बस, एवढंच. ती तुम्हाला एक शब्दही वावगा बोलली नाही. तुम्ही चौरंग पुन्हा गुंडाळलात आणि आपण परत आलो. वाटेत तुम्ही एकदा थांबलात आणि ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंत. चौरंग स्वयंपाकघरात ठेवला गेला. मायनं त्यावर पिठाचा डबा ठेवला. दिवसा तो न्यायचा दिवस तुमच्या हयातीत उजाडला नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. पुसदला मला चांगलं घर मिळालं, समजूतदार नवरा मिळाला. तो तुमच्या कामाची स्तुती करायचा आणि मी खाली बघायची. त्याला वाटायचं मी लाजते. त्या शेतकऱ्याचं एक वाक्य आणि पाहुण्यांची एक नजर, यांच्यामध्ये तुम्ही कोणासाठी खोटं बोललात हे मला त्याच क्षणी कळलं होतं. घरात सण असो, बारसं असो, सगळं छान चाललेलं असलं की मला तो न पेटणारा ढीग आणि त्याला काठीनं ढोसणारे तुम्ही दिसायचात. माहेरी आले की वाटायचं, आज विचारू, बाबा, माझ्या लग्नानंतर तरी काहून नाही नेला? आता तर कोणाचं लग्न मोडायचं राहिलं नव्हतं. पण तुम्ही थकत चालला होतात, मला बघून तुम्हाला आनंद व्हायचा, आणि मी तुमच्यासाठी आणलेला चिवडा काढून पुढं ठेवायची.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात माझा धाकटा अंगावर पीत होता. चौदावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मायनं स्वयंपाकघरातला पिठाचा डबा उचलून खाली ठेवला, चौरंग विहिरीवर नेऊन घासून धुतला, उन्हात वाळवला, आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा चुंबळ करून तो डोक्यावर घेतला. गोणपाट नाही, फडकं नाही. "कुठं चालली?" मी विचारलं. "तुह्या बाबाचं राह्यलेलं काम करून येतो," ती म्हणाली.

ती समोरच्या वाटेनं निघाली. बाजारातून. तुमची माणसं, वाड्यातली माणसं, सगळी बघत होती. एकानं विचारलंही, "काय वं, कुठं?" तिनं मोठ्यांदा सांगितलं, "विहारात. फनसाचा चौरंग हाय. आमच्या यायनं केला त्यायच्यासाठी." मी पोराला घेऊन मागून चालले होते, पण अंतर ठेवून. इतकं की मी तिच्याबरोबर आहे की बाजाराला निघालेय, हे बघणाऱ्याला कळू नये. सासरची दोन माणसं अजून गावात होती, बाबा. मी तशी चालले.

मावशी आता वाकली होती. तिनं मायच्या डोक्यावरून चौरंग उतरवायला हात लावला आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून तो आत नेला. तांब्याचा रंग चढायला लागला होता त्याला, तुम्ही म्हणाला होतात तसा. मूर्ती त्यावर बसवली. मावशीनं मायला पाणी दिलं, माय ते घटाघटा प्याली. मग मावशी म्हणाली, "भाऊ असते तं बरं झालं असतं." माय म्हणाली, "हो." आणि दोघी रडल्या, तुमच्यासाठी. मी उंबऱ्याशी उभी होते. मला आत बोलावलं तेव्हा मी पोर रडतंय असं सांगितलं. ते झोपलं होतं.

त्यालाही आता कितीतरी काळ लोटला. माय गेली, मावशी गेली. झाडाला कोणी खत घालेना, पाणी विहिरीत राहिना, दोन उन्हाळे लागोपाठ वाईट गेले तसा फणस शेंड्याकडून वाळत आला आणि भावानं तो काढून टाकला. विहार आता पक्कं झालंय असं ऐकते. मी गेलेले नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा यात तरी काही झाकून ठेवायला नको. इतकी पानं मी तुमच्या वागण्याची लाज वाटते म्हणून लिहिली, आणि ती वाटतेच. पण तुम्ही "सागाचा हाय" म्हणालात तेव्हा दाराआड माझ्या हातात चहाच्या बशा होत्या आणि मी पाऊल बाहेर टाकत नव्हते. तुम्ही खरं बोलाल अशी मला भीती वाटत होती. मावशी वळली, पाहुण्यांनी बसल्या जागी पाय पसरले, आणि मी चहा घेऊन बाहेर आले. वाईट मला नंतर वाटलं, बाबा. आधी हायसं वाटलं.